निराधार असल्याचे कागद

लग्नाआधी मी चार वर्षं तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात बसायचे. संजय गांधी निराधार योजनेचे कितीतरी अर्ज माझ्या हातून गेले. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक. एखादा कागद कमी असला की मी सांगायचे, "आजी, दाखल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही." आजी पिशवीत कागद परत घालायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा यायची. तेव्हा मला त्यात काही वाटायचं नाही. नियम होता, आणि नियम सांगणं हे माझं काम होतं.

मार्च २०२४ मध्ये मी लंडनच्या दक्षिण भागात, क्रॉयडनच्या ल्यूनर हाउस या सरकारी कचेरीत, आश्रयाचा अर्ज द्यायला एका काउंटरसमोर बसले होते. बोटांचे ठसे झाले होते, फोटो झाला होता. याला स्क्रीनिंग म्हणतात. तुमची पूर्ण हकीकत तिथे विचारत नाहीत. नाव, प्रवास, आजारपण आणि भीती कशाची आहे ते थोडक्यात, एवढंच. दुभाषी फोनवर होते, मराठीच. अधिकारी बाईंनी काहीतरी विचारलं आणि फोनमधून आवाज आला, "ताई, आज रात्री झोपायला जागा आहे का? तुम्ही निराधार आहात का, असं त्या विचारतायत."

शब्द तोच होता. मला उत्तर देता येईना. "ताई, ऐकू येतंय ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे मी बघितलं आणि म्हटलं, "हो. आहोत."

आम्ही इथवर का आलो ते दोन वाक्यांत सांगते. आमचं लग्न दोन्ही घरांना जातीमुळे मान्य नव्हतं, आणि ते न मानणं बोलण्यापुरतं राहिलं नाही. बाकीचं सगळं मी आश्रयाच्या मुलाखतीत सांगितलेलं आहे, इथे सांगणार नाही. गावांची नावंही लिहीत नाही, तिकडचीही आणि इथलीही. नवरा शिकायला आला होता, मी त्याच्यासोबत डिपेंडंट म्हणून. शिक्षण संपलं, व्हिसा संपला, साठवलेले पैसे संपले. शेवटचे दोन महिने आम्ही त्याच्या एका मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपत होतो. आणि मला दिवस गेले होते, दोन महिने झाले होते.

हे लिहितेय ते राहण्या-खाण्याच्या मदतीबद्दल. आश्रय मागणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये सरकार घर देतं, पैसे देतं, असं लोक नुसतं म्हणतात. ते कसं मिळतं, कोणत्या क्रमानं मिळतं आणि मधल्या दिवसांत माणूस काय करतो, हे मला आधी कुणी मराठीत सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

स्क्रीनिंग संपल्यावर हातात काही कागद दिले. त्यातल्या एकावर 'इमिग्रेशन बेल' असं लिहिलेलं. बेल म्हणजे जामीन, एवढं मला कळत होतं. जामीन गुन्हेगाराला लागतो. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. पुढे सॉलिसिटरने समजावलं की आश्रय मागणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा कागद मिळतो. त्यात गुन्हा नसतो, अटी असतात: दिलेल्या पत्त्यावर राहायचं, बोलावतील तेव्हा हजेरीला जायचं, काम करायचं नाही. कुणी नव्यानं या वाटेवर असेल तर एवढं आधीच ऐकून ठेवा. त्या कागदाला घाबरू नका आणि तो हरवू नका.

त्याच रात्री एका मिनीबसमधून आम्हाला दुसऱ्या गावातल्या हॉटेलात नेलं. ही पहिली पायरी. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टमध्ये दोन कलमं आहेत, ती इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. कलम ९८ म्हणजे तातडीची, तात्पुरती मदत: आज रात्री रस्त्यावर झोपावं लागू नये म्हणून. कलम ९५ म्हणजे अर्जावर निर्णय होईपर्यंतची नेहमीची मदत: घर आणि आठवड्याचे पैसे. ९८ मध्ये असताना ९५ चा अर्ज करायचा असतो. "तुझं नाइंटी-फाइव्ह आलं का?" हा हॉटेलच्या जिन्यावर रोज ऐकू येणारा प्रश्न. जुनी माणसं अजूनही या सगळ्याला 'नॅस' म्हणतात, २००० साली हे काम सुरू करणाऱ्या विभागाच्या नावावरून. मिळालेलं घर म्हणजे 'नॅसचं घर'.

हॉटेल म्हणजे चैन असा ज्यांचा समज आहे त्यांना मी दोष देत नाही, शब्दच तसा आहे. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक टेबल, जेमतेम उघडणारी खिडकी. सकाळी ८ ते साडेनऊ नाश्ता, १२ ते २ जेवण, ५ ते ७ रात्रीचं जेवण. खोलीत काही शिजवायचं नाही. जेवण बंद डब्यात यायचं, झाकणाला आतून वाफेचं पाणी धरलेलं. मला तेव्हा उलट्यांचा त्रास होता. संध्याकाळी डब्याच्या वासानं मी खोलीबाहेर पळायचे आणि रात्री साडेदहाला पोटात आग पडायची. तेव्हा मिळण्यासारखं काही नसायचं. नवऱ्यानं नाश्त्याचा ब्रेड कागदी रुमालात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. शेजारच्या खोलीत इरिट्रियाची एक बाई होती. माझ्याहून वयानं मोठी, दोन मुलांची आई. आमची भाषा एक नव्हती. तिनं एकदा रुमालातला ब्रेड बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुलांच्या वाट्याची केळी माझ्या दारात ठेवायला लागली.

कलम ९५ च्या अर्जाला एएसएफ-१ म्हणतात. सरकारनं एका सेवाभावी संस्थेला हेल्पलाइनचं काम दिलेलं आहे, तिथे फोन करून दुभाष्याच्या मदतीनं तो भरता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अर्ज लांबलचक आहे. त्याचा गाभा एकच: पुढच्या १४ दिवसांत तुमच्याकडे राहायला पुरेशी जागा किंवा जगायला लागणाऱ्या गरजांपुरते पैसे नसणार आहेत, हे दाखवा.

हातात किती रोकड आहे. जगात कुठेही बँक खातं आहे का. जमीन, गाडी, गुंतवणूक. आतापर्यंत तुम्हाला कुणी सांभाळलं आणि ते आता का सांभाळू शकत नाहीत. मंगळसूत्राचंही मी लिहिलं, लपवायचं काहीच नाही असं ठरवूनच बसले होते. त्यावर पुढे कुणी काही विचारलं नाही.

पहिली अडचण मित्राच्या पत्राची आली. ज्यानं आम्हाला दोन महिने हॉलमध्ये ठेवलं, त्यानं लेखी द्यायचं होतं की आता तो ठेवू शकत नाही. त्यानं पाठवलेलं पहिलं पत्र मी फोनवर वाचलं. त्यात लिहिलं होतं की हे दोघे माझ्या भावासारखे, बहिणीसारखे आहेत आणि माझं दार त्यांना नेहमी उघडं आहे. प्रेमानं लिहिलेलं पत्र होतं, आणि त्याच एका वाक्यावर आमचा अर्ज फेटाळला गेला असता. मी त्याला फोन केला. घरमालकानं तीन वेळा बजावलं होतं, त्याची बायको आणि लहान मूल एका खोलीत अडकून पडले होते, हे खरं होतं. तेच लिही म्हटलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "वहिनी, हे असं लिहायला हात होत नाही." शेवटी त्यानं लिहिलं. चार ओळी. ते पत्र आजही माझ्या फाइलमध्ये आहे, आणि मला कुणी दिलेल्या वस्तूंमध्ये ते मी सर्वांत वरचं मानते.

दुसरी अडचण पतसंस्थेची. अर्ज गेल्यावर काही दिवसांनी एक पत्र आलं. तुम्ही भारतातल्या एका खात्याचा उल्लेख केला आहे, त्यात किती पैसे आहेत, ते तुम्ही का वापरत नाही, पुरावा द्या. उत्तराला मुदत थोडीच. नवऱ्याचं गावातल्या पतसंस्थेत थोरल्या भावासोबत जोड खातं होतं. अकरा-बारा हजार रुपये असतील. पासबुक भावाच्या कपाटात. आता पतसंस्था म्हणजे काय, तिचं ॲप नसतं, स्टेटमेंट हवं तर माणूस खिडकीशी जाऊन उभा राहावा लागतो, आणि त्या खिडकीच्या पलीकडे बसलेला माणूस घरच्यांना लगेच सांगेल की यांनी चौकशी केली, हे सगळं इंग्रजीत कसं लिहायचं?

हॉटेल होतं त्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी मदतीचं टेबल लागायचं. तिथे एक निवृत्त शिक्षिका बसायच्या. आम्ही पत्र घेऊन गेलो. मी अर्धा तास सांगत होते, त्या लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पासबुक आत्ता नेमकं कुणाच्या हातात आहे?" मी सांगितलं. त्यांनी पेन उचललं आणि एका परिच्छेदात सगळं बसवलं: खातं आहे, त्यात साधारण एवढी रक्कम आहे, पण त्याची कागदपत्रं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याच भीतीनं हे दोघे इथे आले आहेत, त्यांना विचारणं म्हणजे आपला ठावठिकाणा कळवणं.

मी सेतूमध्ये चार वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की आजी, हा दाखला का मिळत नाही? कुणाकडे अडकलाय? "नाही" एवढंच ऐकून मी कागद परत करायचे. त्या दिवशी हॉलमधून परत येताना मला एकेक चेहरा आठवत होता. एका आजीचं रेशनकार्ड सुनेनं दडवून ठेवलं होतं, असं ती पुटपुटली होती. मी पुढचा नंबर पुकारला होता.

नऊ दिवसांनी ९५ मंजूर झालं. नामंजूर झालं असतं तर त्यावर अपील आहे, पण मुदत पत्र मिळाल्यापासून ३ कामाच्या दिवसांची. म्हणजे शुक्रवारी पत्र आलं तर बुधवारपर्यंत. हे ध्यानात असू द्या, कारण पत्र दाराखालून सरकवलेलं असतं आणि माणूस ते उघडायला घाबरतो. मीही दोन दिवस एक पाकीट न उघडता उशीखाली ठेवलं होतं. तसं करू नका.

मंजुरीनंतरही आम्ही हॉटेलातच होतो, घर मोकळं होईपर्यंत. पण आता अ‍ॅस्पेन कार्ड आलं. एटीएमच्या कार्डासारखंच, त्यात आठवड्याला पैसे जमा होतात. जेवण मिळणाऱ्या ठिकाणी तेव्हा माणशी ८.८६ पाउंड. दोघांचे १७.७२. त्याआधीचे सात आठवडे आमच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ती रक्कम मोठी वाटली. मग तपासणीची तारीख आली. दवाखाना बसनं जाण्याइतका लांब. इंग्लंडमध्ये त्या वर्षी बसचं एका फेरीचं भाडं २ पाउंडांपेक्षा जास्त घेत नव्हते, हे आमचं नशीब. तरी दोघांचे जाऊन-येऊन ८ पाउंड. आठवड्याचे जवळजवळ निम्मे. दुसऱ्या वेळेपासून मी एकटी जायला लागले आणि नवरा चालत यायचा, दीड तास आधी निघून. मी बसमधून उतरायचे तेव्हा तो दाराशी उभा असायचा.

औषधोपचाराला मात्र पैसे लागले नाहीत. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेल्या माणसाकडून सरकारी दवाखान्यात पैसे घेत नाहीत, बाळंतपणाचेही नाही. एचसी-२ नावाचं प्रमाणपत्र असतं, ते दाखवलं की औषधं, दात, चष्मा यांचाही खर्च वाचतो. मिडवाइफ बाई फार मायेच्या होत्या. वीस आठवडे झाल्यावर त्यांनी मॅट-बी-१ दिलं, म्हणजे गरोदरपणाचा दाखला. त्यावर आठवड्याला ५.२५ पाउंड वाढून मिळतात. हा दाखला मागावा लागतो, आपणहून कुणी हातात ठेवेलच असं नाही.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या शहरात हलवायचं असेल तर बाळंतपणाच्या तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे शक्यतो हलवत नाहीत, तसं धोरण आहे. "पण त्याआधी कधीही हलवतील. तुझी फाइल कायम पिशवीत ठेव." मी ठेवली.

जुलैमध्ये, चोविसाव्या आठवड्यात, गुरुवारी पत्र आलं. सोमवारी गाडी. याला डिस्पर्सल म्हणतात. कुठे जायचं ते आपण निवडत नाही. १९९९ च्या कायद्याचा तो पायाच आहे, लंडन आणि आसपासचा भार कमी करून लोकांना देशभर पसरवायचं. सॉलिसिटर, मिडवाइफ, मंगळवारचं टेबल, केळी ठेवणारी शेजारीण, चार महिन्यांत जे काही आपलं झालं होतं ते तीन दिवसांत मागे टाकायचं. इरिट्रियाच्या बाईनं मला एक लहान विणलेली टोपी दिली. तिची लोकर कुठून आणली असेल तिनं, ८.८६ मध्ये, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

सहा तासांच्या प्रवासानंतर उत्तरेकडच्या एका शहरात लाल विटांच्या घरांच्या रांगेत गाडी थांबली. ही घरं सरकार स्वतः चालवत नाही. २०१९ पासून तीन खासगी कंपन्यांकडे देशभराचं काम दहा वर्षांच्या करारानं दिलेलं आहे. हाउसिंग ऑफिसर किल्ली घेऊन उभा होता. त्यानं खोल्या दाखवल्या, गॅस कसा बंद करायचा ते दाखवलं आणि यादी वाचली: पलंग दोन, गाद्या दोन, पातेली तीन, ताटल्या चार, चमचे. मी प्रत्येक वस्तूवर बोट ठेवत सही केली. घरभाडं, वीज, गॅस, पाणी, काहीच आपल्याला भरायचं नसतं. आता स्वयंपाक स्वतः करायचा म्हणून पैसे माणशी ४९.१८. दोघांचे ९८.३६, वर माझे ५.२५.

संध्याकाळी नवऱ्यानं तांदूळ, मसूर डाळ, कांदे, तेल, जिरं, हळद आणि कोथिंबिरीची एक जुडी आणली. आम्ही रात्री साडेनऊला जेवलो. साडेनऊलाच, कारण तेव्हा आम्हाला भूक लागली. एवढं ठरवणंही चार महिन्यांत आमच्या हातात नव्हतं, हे पहिला घास घेताना कळलं.

त्या घरात सगळं सरळ झालं असं नाही. बाळ ऑक्टोबरात आलं आणि नोव्हेंबरात बॉयलर बंद पडला. दुरुस्तीची तक्रार हेल्पलाइनवरच करायची, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. माणूस पाचव्या दिवशी आला. मधले दिवस समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा विजेचा हीटर आणून दिला. मी त्या दिवसांत तक्रारीची वेळ, बोलणाऱ्यानं काय सांगितलं, खोलीचं तापमान, सगळं वहीत लिहून ठेवलं. सेतूची सवय तेवढी कामाला आली. बाळंतपणासाठी ३०० पाउंड एकदाच मिळतात, त्याचा अर्ज वेगळा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला ४९.१८ वर ९.५०. तिघांचे मिळून आठवड्याला १५७.०४. कपडे, दुपटी, फोनचं रिचार्ज, बस, खाणं, सगळं त्यात.

काम करता येत नाही, हे सगळ्यांत जड. नवरा इंजिनियर माणूस. बारा महिने निर्णय लागला नाही आणि उशीर आपल्यामुळे नसेल, तर परवानगी मागता येते, पण ती ठरावीक यादीतल्या कामांपुरतीच. स्वयंसेवक म्हणून मात्र जाता येतं. तो आठवड्यातून तीन दिवस फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट खाणं देणाऱ्या केंद्रात, खोकी उचलायला जायचा आणि परत येताना त्याची पाठ ताठ असायची. मला तेवढ्यावर ओळखायला यायचं की आज फूड बँकेचा दिवस आहे.

आश्रयाची मोठी मुलाखत जानेवारी २०२५ मध्ये झाली. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही.

मे महिन्यात निर्णय आला: पाच वर्षांची परवानगी. आम्ही बाळाला मध्ये घेऊन जमिनीवर बसलो, नवरा रडला, मी रडले. आणि पुढच्या पत्रात तारीख होती. परवानगी मिळाली की आश्रयार्थीची मदत थांबते. पूर्वी त्याला २८ दिवस असत, आमच्या वेळी ते ५६ केलेले होते. ५६ सुद्धा कसे जातात कळत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे सरकारी भत्त्याचा, पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. घरमालक पगारपत्रक मागतात. नवरा रोज नोकरीचे अर्ज करत होता, मी घराचे. चाळिसाव्या दिवशी आम्ही कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बेघर विभागात गेलो.

काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, अमुक तारखेनंतर राहायला जागा आहे का. मी फाइल पुढे केली. निर्णयाचं पत्र, घर सोडायची नोटीस, बाळाचा जन्मदाखला, भत्त्याचा अर्ज, सोळा घरांना पाठवलेल्या विनंत्या आणि आलेले नकार, तारखेनुसार. त्यांनी एकेक कागद उलटून बघितला. मी वाट बघत होते की आता कुठला कमी आहे ते सांगतील. त्या म्हणाल्या, "पाणी आणू का तुमच्यासाठी? बाळाला घेऊन किती वेळ उभ्या आहात." आणि मग खुर्ची ओढून दिली.

बावन्नाव्या दिवशी दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुन्या घराची किल्ली देताना हाउसिंग ऑफिसरनं तीच यादी पुन्हा वाचली. पातेली तीन, ताटल्या चार. सगळं जागेवर होतं.

महिन्यानं दारात एक पाकीट पडलं. मी ते लगेच उघडलं. विजेचं बिल. वर माझं नाव, खाली पत्ता. दीड वर्षात माझ्या नावावर आलेलं पहिलं बिल होतं ते. त्याच दुपारी त्याची झेरॉक्स काढून आणली आणि मूळ प्रत फाइलमध्ये लावली, मित्राच्या पत्राच्या मागे.